गावंडे, उ. (१९८९)

आमच्या संस्थेचे नाव आंतरविद्याशाखीय ज्ञानप्रवाह अभ्यास केंद्र असे आहे. पाटी मावेना म्हणून दर्शनी भागातील एक खिडकी बुजवावी लागली. केंद्र अमरावतीत आहे आणि मी तेथे कार्यालयीन अधीक्षक आहे. ज्ञान कोणत्या विषयातून निघते, कोणत्या विषयात पोचते, याचा अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांपुरता नकाशा काढणे, हे केंद्राचे काम. सहा वर्षे नकाशा निघाला नाही. त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. परंतु मूल्यमापन समिती येत असल्याचे पत्र आले, तेव्हा संचालक डॉ. देवमन वानखडे यांनी अकरा महिन्यांच्या करारावर एक संशोधन सहायक नेमली.

तिचे नाव दामिनी इंगोले. तिचे वडील बडनेऱ्याच्या बाजूला सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, मेथी लावतात. मुलगी हुशार, वेळेवर येणारी. एकच दोष होता, दिलेले काम ती खरोखर करीत असे.

पद्धत सोपी होती. प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. आपण कोणाचे काय वाचून हे लिहिले, याची ती कबुली. रसायनशास्त्राच्या माणसाने वनस्पतिशास्त्रातला लेख यादीत टाकला, की ज्ञान तिकडून इकडे आले असे समजायचे आणि बाण काढायचा. दामिनीने दोन्ही जिल्ह्यांतल्या पस्तीस वर्षांच्या प्रबंधांच्या याद्या संगणकात भरल्या. पाच महिन्यांनी नकाशा निघाला.

संचालकांच्या टेबलावर तो पसरला तेव्हा मी तेथे उभा होतो. मराठीचे बाण थोडे पुढे जाऊन मराठीकडेच परत वळत होते. संख्याशास्त्राकडून सगळ्यांनी घेतले होते. समजून किती जणांनी घेतले, हे नकाशात दिसत नाही. भौतिकशास्त्रातल्या काही प्राध्यापकांचे बाण त्यांच्यातूनच निघून त्यांच्यातच शिरत होते. आणि मधोमध टरबुजाएवढा एक गोळा होता. त्यातून चौदा विषयांकडे चौदा जाड बाण निघाले होते.

"हे काय आहे?" सरांनी विचारले.

"गावंडे, उ., एकोणीसशे एकोणनव्वद. 'वऱ्हाडातील काळी माती : काही निरीक्षणे.' चारशे बारा प्रबंधांत आहे, सर. मृदाशास्त्रात आहे, ते ठीक. पण वाणिज्यात आहे, संगीतात आहे. कबड्डीपटूंच्या गुडघ्यांवर शारीरिक शिक्षणाचा एक प्रबंध आहे, त्यातही आहे."

"गुडघे मातीवरच आपटतात, मॅडम."

"सर, हा लेख मला कुठंच सापडला नाही. ज्या नियतकालिकात छापला म्हणतात, तेही नाही."

"बंद पडलं असेल."

"सुरूच झालं नव्हतं, सर."

"म्हणजे लवकर बंद पडलं." सर खुर्चीत मागे रेलले. "मी स्वतः वाचलाय तो. निळं कव्हर होतं."

सरांचा प्रबंध मानसशास्त्रातला, १९९४ चा. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात 'गावंडे यांनी सिद्ध केल्याप्रमाणे' अशी आहे. दामिनीने तो वाचला होता. सरांनंतर बहुधा तिनेच.

सरांनी तात्काळ निर्णय घेतला. चौदा विषयांना ज्ञान पुरवणारा एवढा मोठा विद्वान आपल्या वऱ्हाडात आहे, तर त्यांना शोधून काढावे आणि समितीसमोर त्यांचा सत्कार करावा. शोधण्याचे काम दामिनीकडे आणि प्रवासाची मंजुरी माझ्याकडे आली. विद्वानांचा पत्ता कोणाकडे नव्हता. शेवटी दामिनीलाच जुन्या प्रबंधांच्या अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ दिसली : टंकलेखन - उ. गावंडे, अकोला.

बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही दोघे अकोल्याला गेलो. उत्तमराव गावंडे ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. वय शहात्तर, सदरा इस्त्रीचा. त्यांच्या मागे भिंतीला टेकून झाकलेले टाईपरायटर होते. तीस वर्षे त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला आणि लोकांचे प्रबंध टाईप करून दिले.

"काकाजी, काळ्या मातीवरचा लेख तुमचाच ना?" दामिनीने विचारले.

"लेख? म्या लिवला?" ते हसले. "पोरी, मी तं मॅट्रिक आहो."

दामिनीने यादीतली ओळ दाखवली. उत्तमरावांनी चष्मा लावून ती वाचली आणि त्यांचे हसू गेले.

"हा तं नमुना होय," ते म्हणाले. "एकोणनव्वद साली वरून कागद आला, यादी कशी लिवाची त्याचा. पोराईले काही समजेना. मंग म्या एक ओळ टाईप करून भित्तीले लावली. पयले नाव, मंग साल, मंग लेख, असं. नाव कोनाचं टाकू? दुसऱ्याचं टाकलं तं भांडन. म्हनून माहंच टाकलं. अन् मातीवर कोनाचं काय भांडन रायते?"

"मग ती प्रबंधात कशी गेली?"

"पोरं नमुन्यासकट उतरवून नेत. म्या म्हनो, बापू, वरची ओळ काढ. तो म्हने, सरानं सांगतलं राहू द्या, यादी भरल्यावानी दिसते. मंग त्या कागदाच्या झेराक्शी निंगाल्या. अमरावतीले गेल्या, परतवाड्याले गेल्या. मले वाटलं, चारपाच जनाईच्यात रायली असन. किती जनाईच्यात आहे?"

"चारशे बारा."

घरातून जमुनाबाई चहा घेऊन आल्या होत्या. उत्तमरावांनी कप घेतला नाही. "चारशे बारा जागी माह्या नावानं खोटं छापून पडलं," ते बायकोला म्हणाले, "अन् मी इथं तुरी सोलून राह्यलो." मग उठून त्यांनी एका टाईपरायटरवरचे कापड काढले, कागद चढवला आणि आमच्या देखत अर्ज टाईप केला. सदर लेख मी लिहिलेला नाही, तो अस्तित्वात नाही, तरी माझे नाव नकाशातून वगळावे, ही नम्र विनंती. अर्जात एकही चूक नव्हती. माझ्या नोकरीत मी असा अर्ज प्रथमच पाहिला.

अर्ज आवक रजिस्टरला लागला आणि मी त्यावर नियमाप्रमाणे उत्तर काढले. एखादा लेख नकाशातून वगळायचा असल्यास त्या लेखाची साक्षांकित प्रत अर्जासोबत जोडणे आवश्यक आहे. आपण प्रत जोडलेली नाही. सबब आपली विनंती मान्य करता येत नाही.

दामिनी माझ्याकडे न येता थेट सरांकडे गेली. दार उघडेच होते.

"सर, तो गोळा काढावा लागेल."

"काहून?" सर चिडले की त्यांच्या तोंडी घरची भाषा येते. "तो काढला तं चौदा विषय एकमेकांपासून सुटतात. मंग प्रवाह कुठाय? अन् प्रवाह नाही तं केंद्र कशाले?"

"खरं तर तेच निघालंय, सर. प्रवाह नाहीच."

सरांनी पाण्याचा घोट घेतला आणि ते पुन्हा पुस्तकी मराठीत आले. "मॅडम, आपला करार कधी संपतो?"

"पुढच्या महिन्यात."

"नूतनीकरणाची शिफारस मलाच करायची आहे. नकाशा फार सुंदर झालाय. त्याला हात लावू नका."

तिने हात लावला नाही. पण सत्काराला उत्तमरावांना आणायला ती स्वतः अकोल्याला गेली. उत्तमरावांना यायचेच होते. "कागदावर आयकत नाहीत तं तोंडानं सांगतो," ते गाडीत तिला म्हणाले. हे तिने मला नंतर सांगितले.

सभागृह भरले होते. दोन्ही जिल्ह्यांतले प्राध्यापक, मार्गदर्शक, संशोधक विद्यार्थी मिळून तीनशे माणसे. समितीच्या अध्यक्ष डॉ. रागिणी पाठक पहिल्या रांगेत होत्या. पडद्यावर नकाशा लावला होता. शाल झाली, हार झाला. नारळ देण्याचे काम माझ्याकडे होते. तो द्यायच्या आतच उत्तमराव माईकपाशी जाऊन उभे राहिले.

"मंडळी, माफी मागाले आलो," ते म्हणाले. "हा लेख म्या लिवला नाही."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढा हा विनय!" असे अध्यक्षबाई शेजारच्यांना म्हणाल्या.

"इनय नाही, बाई. लेख नाहीच! कोनीच लिवला नाही!"

टाळ्या वाढल्या. मागच्या रांगांतले लोक उभे राहिले. तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी हे वाक्य वहीत लिहून घेतले. उत्तमरावांनी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिले. मग त्यांना एक युक्ती सुचली. क्लासमध्ये ती चालत असावी.

"बरं," ते म्हणाले, "ज्यानं ज्यानं हा लेख सोता वाचला, त्यानं हात वर करा. खरं खरं."

सरांचा हात पहिला वर गेला. मग अध्यक्षबाईंचा. मग विभागप्रमुखांचे. मार्गदर्शकांचे वर गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांना खाली ठेवणे शक्य नव्हते. माझ्या एका हातात नारळ होता. दुसरा मी वर केला.

उत्तमराव बराच वेळ ते तीनशे हात पाहत राहिले. नंतर खुर्चीत येऊन बसले आणि मला हळूच म्हणाले, "भाऊ, एवढ्या लोकाईनं वाचला म्हंजे म्याच लिवला असन का? माह्याच ध्यानात नसन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

केंद्राला सर्वोच्च श्रेणी मिळाली. समारंभाचा फोटो सर्व वर्तमानपत्रांत छापून आला. फोटोत सभागृहातला प्रत्येक हात वर आहे. डावीकडून तिसऱ्या खुर्चीवरच्या मुलीचे दोन्ही हात मात्र मांडीवर आहेत. अध्यक्षबाईंनीच सरांना विचारले, ही कोण? नकाशा जिने काढला ती, असे कळल्यावर त्यांना धक्का बसला. दुसऱ्या दिवशी दामिनीला कारणे दाखवा नोटीस गेली. विषयातील मूलभूत लेख न वाचताच आपण संशोधन केले असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपला करार का वाढवावा, याचा खुलासा सात दिवसांत करावा. नोटीस मी टाईप केली.

तिने एका ओळीत खुलासा दिला. लेख मिळाल्यास वाचून कळवीन. आणि सात दिवस संपायच्या आत नोकरी सोडून गेली. हल्ली ती आठवड्यातून दोनदा अकोल्याला जाते. उत्तमराव आणि ती मिळून चारशे बारा जणांना पत्रे पाठवत आहेत, आपल्या यादीतली ती ओळ कृपया काढावी. आजवर एकवीस उत्तरे आली. सगळ्यांनी कळवले आहे की आपला लेख आजही तितकाच मार्गदर्शक वाटतो.

इकडे तिच्या फाईलीवर सरांनी शेरा मारला आहे, 'संबंधितास लेखाची प्रत पुरवून प्रकरण निकाली काढावे.' प्रत मी शोधतो आहे. ग्रंथालये झाली, रद्दीवाले झाले. वाचकहो, आपल्यापैकी कोणाकडे असल्यास झेरॉक्स पाठवावी, खर्च केंद्र देईल. आणि लेख आपण वाचलाच नसेल, तर एवढे करा : पुढच्या महिन्यात त्यावर परिसंवाद आहे. निमंत्रण येईल. अवश्य या, आणि पुढच्या रांगेत बसा.