मंडळाचे टीशक

"यंदा तू अध्यक्ष झालास ना, तर मी एकटी पुण्याला जाईन आणि तिकडेच राहीन," कांचनने पोळी तव्यावर आपटत जाहीर केलं.

"अगं, मी कुठे होतो? मला करतात!" दीनानाथ म्हणाला.

ते खरंच होतं. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या त्या मराठी मंडळात अध्यक्ष निवडायची पद्धत फार सोपी होती. वार्षिक सभेत 'नाव सुचवा' म्हटलं की अख्खा हॉल आपापल्या बुटांकडे बघायला लागे. ज्याची मान आधी वर होईल, तो अध्यक्ष. चार वर्षांपूर्वी दीनानाथला शिंक आली होती.

गेल्या वर्षी त्याने तीनदा 'नको' म्हणून पाहिलं. पण आपल्याकडे 'नको' ऐकतो कोण? पंगतीत पहिला 'नको' म्हणजे संकोच, दुसरा म्हणजे विनय, आणि तिसऱ्याला वाढपी सरळ जिलबी पानात टाकून पुढे जातो. दीनानाथच्या पानात अध्यक्षपद पडलं.

यंदा मात्र पंचाईत होती. सासऱ्यांचा जन्म ऋषिपंचमीचा आणि यंदा त्यांची पंच्याहत्तरी. म्हणजे ऐन गणपतीत. दीनानाथला स्वतःलाही जायचं होतं हो! हातात नोकरी नसताना या माणसाने त्याला आपली मुलगी दिली होती. हा उपकार का विसरायचा असतो?

त्याने आपलं दुखणं ऑफिसात ब्रेंडनला सांगितलं. हा शेजारच्या टेबलावरचा आयरिश. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे रग्बी बघत. ब्रेंडनला घरची आठवण आली की तो कॉम्प्युटरवर आयर्लंडची संसद लावून बसे. तिकडे पंतप्रधानाला टीशक म्हणतात. एक सभासद हॉस्पिटलचं विचारतो, दुसरा रस्त्यातल्या खड्ड्यांचं, तिसरा गावातलं पोस्ट का बंद केलं म्हणून ओरडतो, आणि टीशक शांतपणे सगळ्यांना तीनच उत्तरं देतो. विषय विचाराधीन आहे. विधेयक पुढच्या अधिवेशनात येईल. संबंधित मंत्री माननीय सदस्यांशी थेट बोलतील.

"लोक चिडत नाहीत?" दीनानाथने विचारलं.

"चिडत नाहीत? माझी आई टीव्हीवर सपाता फेकते!"

दीनानाथचा चेहरा उजळला. नको म्हणून सोडत नाहीत, पण चिडले तर हाकलतील की! आठवडाभर त्याने डबा ब्रेंडनच्या खुर्चीला खुर्ची लावून खाल्ला.

सभेच्या दिवशी दक्षिणेचा वारा असा सुटला होता की हॉलचं दार दोघांनी धरून उघडावं लागत होतं. कांचन पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली. पहिल्या उठल्या वासंतीकाकू. मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ, आणि आवाजानेही.

"गेल्या वर्षी आरतीला कापूर लावला तर अलार्म वाजून फायर ब्रिगेड आली! बाप्पासमोर हेल्मेटवाले! यंदा काय करणार आहेस?"

एरवी दीनानाथ 'करतो काकू, करतो' म्हणत वही उघडायचा. आज तो सावकाश उठला. "काकू, आपण फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात. आभारी आहे. हा विषय विचाराधीन आहे." आणि खाली बसून त्याने डोळे मिटून घेतले. आता येईल चप्पल.

"ऐकलंत?" काकू सभेकडे वळून म्हणाल्या. "चार वर्षांत आज पहिल्यांदा याने माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. गुणाचा पोरगा!"

आता उठला प्रकाश. याला आजवर मंडळाचं काहीही आवडलेलं नव्हतं. "मोदक फ्रोझन होते. दगड! उकडीचे कधी मिळणार?"

"उकडीच्या मोदकांचं विधेयक पुढच्या अधिवेशनात येईल."

"म्हणजे प्लॅनिंग चालू आहे!" प्रकाश चक्क हसला. "याला म्हणतात व्हिजन. स्वीट अ‍ॅज!" म्हणजे तिकडच्या बोलीत 'एकदम झकास'.

दीनानाथला घाम फुटला. तेवढ्यात नीलांबरीने हात वर केला. "मराठीच्या वर्गाचं काय? आमच्या ओवीला 'जेवायला चल' म्हटलं की म्हणते, 'इन अ मिनिट, आई.' कळतं सगळं, पण बोलत नाही."

"संबंधित मंत्री आपल्याशी थेट बोलतील."

"कोण मंत्री?"

घ्या! टीशकच्या मागे बाकभर मंत्री असतात. दीनानाथच्या मागे फक्त चहाचा थर्मास होता. त्याने समोर दिसेल त्याच्याकडे बोट केलं. "प्रकाश."

चार वर्षांत साधी खुर्ची न उचललेला प्रकाश ताडकन उभा राहिला. "मी? मंत्री?" त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "नीलांबरी, चहाच्या वेळी भेट. या विषयावर माझ्याकडे हीप्स ऑफ आयडियाज आहेत."

मग काय विचारता! समितीत या म्हटलं की ज्यांची पाठ दुखायची, ते मंत्रिपदासाठी एकमेकांच्या पायांवर पाय देऊ लागले. काकूंनी अग्निशमन खातं घेतलं. मोदक नीलांबरीने बळकावले. दारातल्या चपलांसाठी दोन गृहस्थ हटूनच बसले, तेव्हा एकाला राज्यमंत्री करून मिटवावं लागलं. कांचनचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"अध्यक्षपदासाठी नाव?" असं कुणीतरी विचारायचा अवकाश, एकाही माणसाने बुटाकडे पाहिलं नाही. "दीनानाथ!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

आता मात्र दीनानाथने आयर्लंड सोडलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "अहो, मी गणपतीत इथे नाहीये! सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे. पुण्याला चाललोय. तिकिटं काढलीत. हात जोडतो, मला नको!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "कसलेला माणूस!" प्रकाश शेजाऱ्याला म्हणाला. "सरळ हो म्हणतोय का बघ!"

गाडीत कांचन खिडकीबाहेर बघत बसली. "रडू नकोस," दीनानाथ म्हणाला. "मी येतोय. आल्यावर काय जोडे बसायचे ते बसोत. बाबांच्या पंच्याहत्तरीला मी पाटाशेजारी असणार म्हणजे असणार." कांचनने डोळे पुसले आणि त्याला इंडिकेटर लावायची आठवण केली.

पुण्यात ओवाळणी झाली, सासऱ्यांनी जावयाला मिठी मारली, दोघंही उगाच रडले. पण मोबाइल काही दीनानाथच्या हातातून सुटेना. वेलिंग्टनहून फोन येईल, शिव्या येतील म्हणून तो वाट बघत होता. एकही फोन आला नाही. आपल्याला नक्कीच वाळीत टाकलं, असं त्याला वाटलं.

परतल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन तो कांचनसह आधी वासंतीकाकूंकडे गेला. म्हटलं, मुख्य तोफ आधी झेलावी.

"काकू, गणपतीचं जरा माफ करा. मी तिकडे..."

"माफी कसली मागतोस? इतका सुंदर गणपती कधी झालाच नाही!" काकूंनी पेढा तोंडात टाकला. "कापराला मी फायर ब्रिगेडचा माणूसच शेजारी उभा केला. शेवटी टाळ वाजवत होता तो! मोदक उकडीचे. प्रकाशने पोरांकडून अथर्वशीर्ष म्हणवून घेतलं. आणि तू! किती रे ती धावपळ! हॉलभर नुसता पळत होतास, धड प्रसादालाही बसला नाहीस. मी बघत होते ना!"

"काकू, पण मी तर..."

कांचनने त्याच्या पायावर पाय दिला. "काय सांगू काकू, ऐकतच नाही. फार दमलाय. पुढच्या वर्षी महिनाभर माहेरी नेऊन आराम द्यावा म्हणते."

"ने, अवश्य ने," काकू म्हणाल्या. "पण गणपतीत नको हं. त्याच्यावाचून इथलं पानसुद्धा हलत नाही."