दर सोमवारी दहा सह्या

आमच्या कारखान्यात सोमवारी सकाळी फाटकातून आत शिरताना सही करावी लागे. हजेरीची नव्हे, हजेरीला पत्र्याचा बिल्ला होता. ही सही शिकलगारचाचांसाठी. टाइम ऑफिसच्या खिडकीत ते जुन्या कॅलेंडरची पानं पालथी घालून बसलेले असत. माणूस दिसला की रामराम नाही, काही नाही, थेट "घाल" म्हणत. आपण सही घालायची. मग चाचा फाइलमधली मूळ सही काढून दोन्ही शेजारी धरत, चष्मा वरखाली करत, आणि पसंत पडली तरच मान हलवत. नाही पडली तर म्हणत, "परत घाल. शेपूट आखूड झालंय."

ऑइल इंजिनाचे भाग ओतणारा तो कारखाना. चाचा आमची हजेरी ठेवत आणि प्रॉव्हिडंट फंडाचे कागद बघत. फंड हा त्यांचा खरा संसार. माणूस तीस वर्षं घण मारतो, म्हातारपणी फंड मागायला जातो, तिथला साहेब त्याची अठराव्या वर्षाची सही काढतो आणि म्हणतो, हा तू नव्हेस. असं आपल्या एकाही माणसाचं होऊ द्यायचं नाही, हा चाचांचा पण होता. "हात इसरतो, कागद इसरत न्हाय," हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणत.

कुणाचं लग्न ठरलं की चाचा मांडवात हजर. आहेर ठरलेला, एक नारळ आणि एक वारसाचा फॉर्म. माझ्या लग्नात तर त्यांनी अक्षता पडल्या पडल्या नवरीलाच विचारलं, "वैनी, सही येती न्हवं?" सुशीला चौथी शिकलेली. तिनं लाजून मान हलवली आणि फसली. त्या आठवड्यापासून दर शनिवारी एक कोरं पान माझ्या डब्यासोबत घरी यायचं आणि त्यावर तिनं दहा सह्या करून सोमवारी परत पाठवायचं. अशी पानं सगळ्या कामगारांच्या घरी जात. शाळा सुटून दहा वर्षं झाली आणि आता हा गृहपाठ कुठला, असं म्हणत सुशीला चुलीपुढे बसून, पीठ लागलेल्या हातानं सह्या करायची. चाचा त्या पिठासकट तपासायचे.

आता माझं प्रकरण सांगतो. या कारखान्यात लागण्याआधी सात वर्षं मी गडहिंग्लजच्या बाजूला एका तेलगिरणीत फिटर होतो. तिथला फंड तिथंच पडून होता. माझा मेव्हणा कागलचा. तो मागं लागला, फंड काढ, दोघांत एक टेम्पो घेऊ, वर्षात दुसरा घेऊ. माझ्या डोळ्यांपुढे टेम्पोंची रांग उभी राहिली. मी चाचांकडं पैसे काढायचा फॉर्म मागितला. ते म्हणाले, फॉर्म संपलेत. पुढल्या आठवड्यातही संपलेले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या कोपराखाली फॉर्मांचा गठ्ठा मला स्पष्ट दिसत होता, तरी संपलेलेच.

मी चिडलो. पैसे माझे, घाम माझा, तुम्ही कोण अडवणारे, असं बरंच बोललो. चाचांनी ऐकून घेतलं आणि खणातून दुसराच कागद काढून पुढं सरकवला.

"काढायचा न्हाय, हा बदलीचा हाय. तिकडचा फंड हिकडं जोडून घे. सात वर्सं राबलास, ती काय टेम्पोच्या डिझेलात घालतोस?"

मग त्यांनी समजावलं. फंड काढला तर ती सात वर्षं पुसली जाणार आणि मी इथं पुन्हा पहिलीच्या वर्गात बसणार. जोडून घेतला तर वर्षं सलग धरली जाणार, अडीनडीला उचल मिळणार, आणि मी मधेच गेलो तर सुशीलाला काहीतरी मिळत राहणार. मी घुश्शातच घरी गेलो. वाटलं, बायको भावाची बाजू घेईल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माझा भाऊ हाय म्हणून सांगते, नको." पुढं तो टेम्पो मेव्हण्यानं दुसऱ्या कुणाला तरी पटवून घेतला. तीन वर्षं तो त्याच्या दारात उभा होता आणि त्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

मी बदलीचा फॉर्म भरला. तो गिरणीकडून परत आला. कारण, सही जुळत नाही. दुसरा पाठवला, तोही परत. आणि त्यातच बातमी आली की मालक दिवाळीला गिरणी बंद करणार. एकदा कुलूप लागलं की माझ्या फॉर्मवर शिक्का मारायला तिथं कुणी उरणार नव्हतं. आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. सात वर्षं अशी गटांगळी खाणार, आणि तीही माझ्याच हातानं.

चाचांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं एसटीनं गेलो. गिरणीचे म्हातारे कारकून मला ओळखत होते. चहा पाजला, आईची चौकशी केली, पण शिक्क्याला हात लावेनात. "तोंड वळकतो की. पण तोंडाला फंड देत न्हाईत," ते म्हणाले. चाचांना हे एवढं पटलं की ते माझी बाजू सोडून कारकुनांच्याच बाजूनं मान डोलवू लागले.

कारकुनांनी माझा मूळ कागद दाखवला. अठराव्या वर्षी मी आमच्या हेडमास्तरांच्या सहीची नक्कल करून सही ठरवली होती. सुरुवातीला अंड्याएवढा फेरा, खाली दोन रेघा आणि त्यांखाली दोन टिंबं. पुढं मशीनवर घाईघाईनं कामाच्या चिठ्ठ्यांवर सह्या करता करता त्या थाटाचं नुसतं गांडूळ उरलं होतं. आमच्या कारखान्यात मी लागलो तोवर ते गांडूळच झालेलं, म्हणून चाचांच्या फाइलीतही तेच. तिथं बसून मी चारदा प्रयत्न केला. फेरा कधी भोपळा होई, कधी शेंग. चाचा मात्र तो जुना कागद कुराणाचं पान बघावं तसे निरखत बसले होते.

परतीच्या एसटीत कागलच्या पुढं आल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, तिकिटाच्या पाठीवर काहीतरी काढलं आणि माझ्यापुढं धरलं. हुबेहूब माझी सही. "तुझी सही मला आली," चाचा म्हणाले, "तुलाच येत न्हाय."

मग पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत मी चाचांकडून माझीच सही शिकलो. कारखाना हसत होता. आधी फेऱ्यासाठी श्वास धरायचा, रेघ ओढताना मनगट टेकायचं नाही, टिंब ठोकायचं नाही, ठेवायचं. दिवाळीच्या चार दिवस आधी आम्ही पुन्हा गेलो. निम्मी दप्तरं गोणपाटात भरलेली होती. मी एका दमात सही केली. कारकुनांनी जुना कागद शेजारी ठेवला, बघितलं आणि शिक्का मारला. बाहेर येऊन मला चाचांना मिठी मारावीशी वाटत होती. ते म्हणाले, "दुसरं टिंब जरा लांब पडलं."

फंड बदलून आल्याची चिठ्ठी यायला सहा महिने लागले. त्या संध्याकाळी पेढे घेऊन मी शाहूपुरीत चाचांच्या खोलीवर गेलो. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीच तिथं गेलं नव्हतं, याची तेव्हा मला लाज वाटली. एक खाट, एक स्टो आणि भिंतीला लागून कॅलेंडरच्या पानांचे गठ्ठे. आमच्या सगळ्यांच्या सह्या. चाचा चहा करत होते तोवर मी माझं पान शोधायला एक गठ्ठा ओढला. त्यात आमच्यातलं कुणीच नव्हतं. पानंच्या पानं एकच नाव होतं, हमीदा. सुरुवातीला अक्षरं धडपडत चाललेली, मग हळूहळू उभी राहिलेली, आणि शेवटच्या पानावर इतकी देखणी सही की मी बघतच राहिलो.

चाचांनी कपबशी खाली ठेवली. "मंडळी," ते म्हणाले. "अक्षरवळख न्हवती. मी गेल्यावर फंडाच्या हापिसात चारचौघांत अंगठा टेकाय लागू ने, म्हणून शिकवली. दोन वर्सं लागली."

त्यांनी ते शेवटचं पान उचललं आणि सवयीनं चष्मा वर केला.

"सही पक्की झाली आन् त्याच साली तीच गेली. एवढी चांगली सही, कुटंच घालाय मिळाली न्हाय बघ."

त्यांच्या स्वतःच्या फॉर्मवर आता वारस कोण, हे मी विचारलं नाही. कारखान्यातल्या प्रत्येकाला वारसाचं नाव वेळेवर बदला म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या त्या माणसानं आपलं बदललेलं नसणार, हे मला कळलं होतं. पुढं चार वर्षांनी सुशीलाच्या ऑपरेशनला फंडातून उचल मिळाली, ती त्या जोडलेल्या सात वर्षांमुळं. ती आज माझ्यासमोर बसून गहू निवडते आहे, यात डॉक्टरांइतकाच चाचांचा हात आहे, असं मी मानतो.

चाचांच्या खोलीवरून त्या रात्री घरी आलो तेव्हा आठवड्याचं कोरं पान फळीवर तसंच पडलं होतं. जेवताना मी सुशीलाला हमीदाबद्दल सांगितलं. ती उठली, हात धुतले, पदराला नीट पुसले आणि पाटावर बसून दहा सह्या केल्या. मग पान उलटून मागं आणखी दहा केल्या.

सोमवारी चाचांनी दोन्ही बाजू तपासल्या, एकेक करून. आणि म्हणाले, "वैनीला सांग, आठव्या सहीचं शेपूट आखूड झालंय."