शून्य म्हणजे बंद

बायकोला मशीनवरून सारखं उठावं लागू नये, एवढाच माझा हेतू होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकून लोक हेतूबद्दल विचारतात.

माझी बायको घरीच कपडे शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडांचे गठ्ठे, आणि उरलेल्या जागेत आम्ही. दाराची घंटी दिवसातून वीसेक वेळा वाजते. दर वेळी ती पायडलवरचा पाय काढते, तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचते, चष्मा कपाळावर सरकवते आणि दार उघडते. निम्म्या वेळा दारात मी असतो. (किल्ली विसरतो.)

मी वीजपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. त्यामुळे घरात विजेचं काही काम निघालं की मी पुढे होतो आणि घरातले मागे सरकतात. दाराबाहेर कॅमेरा लावायचा आणि मशीनसमोर पडदा, म्हणजे कोण आलंय ते तिला बसल्या जागी दिसेल, असं मी एका सकाळी चहा पिताना ठरवलं. तयार वस्तू बाजारात मिळत होती. पण ऑफिसातल्या एकाने मला ओपन हार्डवेअरचं किट दाखवलं आणि माझी बुद्धी फिरली.

पार्सल आलं. त्यात एक हिरवा बोर्ड, नखाएवढे दोन कॅमेरे, वहीच्या पानाएवढे दोन डिस्प्ले पॅनेल आणि चपट्या फितींसारख्या चार वायरी होत्या. बायकोने खोका उलटा करून झटकून पाहिला.

"याचं झाकण कुठे आहे?"

"झाकण नसतं. हे ओपन आहे."

"म्हणजे अर्धवट पाठवलंय."

"तसं नाही गं. ओपन म्हणजे याचे आराखडे, प्रोग्रॅम, सगळं खुलं. ज्याला येतं त्याने हवा तसा बदल करावा."

"मग ज्याला येतं त्याला बोलवा," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

माझे सासरे आमच्याकडेच राहतात. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. जवळचं त्यांना मुंगीच्या पायापर्यंत दिसतं, लांबचा चष्मा मात्र त्या महिन्यात हरवला होता. त्यांनी डोळ्याला भिंग लावून बोर्ड पाहिला.

"जावईबापू, फिती नाजूक आहेत. सगळ्या खाचेत बसवा. एकही लोंबती ठेवू नका, लोंबली की तुटलीच."

सोबतचं माहितीपत्रक शहाऐंशी पानांचं होतं. मी चित्रं पाहिली. बोर्डावर कॅमेऱ्यांसाठी दोन खाचा होत्या, पॅनेलसाठी दोन, आणि त्यांवर ० आणि १ असे आकडे छापले होते. आता, आयुष्यभर विजेच्या खात्यात काढलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको. बटणावर शून्य म्हणजे बंद आणि एक म्हणजे चालू. मी बाहेरचा कॅमेरा एकमध्ये घातला, मशीनसमोरचं पॅनेल एकमध्ये घातलं. उरलेला कॅमेरा आणि उरलेलं पॅनेल लोंबू नयेत म्हणून शून्यात घालून ठेवली. बंद खाचेत.

तो उरलेला कॅमेरा मशीनच्या वरच्या फळीवर दोऱ्याच्या रिळांमध्ये ठेवला. पॅनेलची गोष्ट वेगळी. बाहेर भिंतीत भोकं पाडताना मी आधी चार भोकं चुकीच्या बाजूला पाडली होती. ती झाकायला काहीतरी हवंच होतं. दुसरं पॅनेल त्यांवर अगदी मापात बसलं.

घंटीचं बटण दाबलं की यंत्र पाच मिनिटं जागं होतं. चाचणीसाठी मी सासऱ्यांना बाहेर पाठवलं. आतल्या पॅनेलवर त्यांचा चेहरा इतका स्पष्ट दिसला की बायकोने मशीन थांबवलं. आमच्या संसारात हे फार वेळा झालेलं नाही.

सासरे आत येऊन म्हणाले, "बाहेर आरसा कशाला लावलाय?"

"आरसा नाही, बाबा. ते बंद पॅनेल आहे. काच चमकते."

"असेल. पण त्यात मला तुम्ही दिसल्यासारखे वाटलात."

बायको म्हणाली, "बाबा, तुमचा चष्मा आधी करून टाकू."

सासऱ्यांना जळी स्थळी आपण दिसतो, ही भावना कोणत्याही जावयाला सुखावणारीच.

तो आठवडा छान गेला. येणारे लोक दारात हसतमुख असत, आणि मी बाहेरच्या पॅनेलकडे बघत नसे, कारण त्यामागे माझी चुकीची भोकं होती. घंटी वाजे, बायको मान वर करून बघे आणि गरज असेल तरच उठे. मी आलो तर उठतच नसे.

मग तो रविवार आला. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, शाळेचे नवे गणवेश कोणाला शिवायला द्यायचे ते ठरवणार होत्या. परीक्षा म्हणून त्यांनी आधी स्वतःचा एक पायघोळ निळा ड्रेस बायकोला दिला होता. काम मिळालं तर ती खालचा रिकामा गाळा घेणार होती, मदतीला दोन बायका ठेवणार होती. गेली कित्येक वर्षं त्या गाळ्यासमोरून जाताना तिची चाल हळू होते, हे मला माहीत होतं.

ड्रेस चार वाजता द्यायचा होता. साडेतीन वाजता खालची दुमड बाकी होती.

"अहो, इकडे या. हात वर करा."

"कशाला?"

"तुमचे खांदे आणि पोट त्यांच्याच मापाचं आहे."

हे तिने कधी मोजलं, ते विचारायची ती वेळ नव्हती. मी पायजम्यावरून ड्रेस चढवला. ती खाली बसून खडूने खुणा करू लागली. तेवढ्यात घंटी वाजली. पॅनेल उजळलं. त्यावर मोठ्या बाई होत्या.

"लवकर आल्या," बायको टाचण्यांच्या फटीतून म्हणाली. "हलू नका. बाबा, त्यांना सांगा मी बाहेर गेलेय, अर्ध्या तासात येते."

सासरे दाराशी गेले आणि दार न उघडताच म्हणाले, "ती बाहेर गेली आहे. अर्ध्या तासात येईल."

पलीकडून आवाज आला, "बरं. मी बघत थांबते."

आतल्या पॅनेलवर मोठ्या बाई एका बाजूला मान वळवून उभ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि भिंतीच्या जवळ सरकल्या.

"काय टक लावून बघताहेत," मी म्हणालो. "काय बघताहेत कोण जाणे. पण चित्र किती स्वच्छ आहे बघ."

बायको तीच खूण तिसऱ्यांदा पुसून काढत होती. तिला जरा हसवावं, म्हणून मी मशीनवरची लाकडी पट्टी उचलली. (हेतू इथेही चांगलाच होता.) ड्रेस अंगात होताच. मी मान ताठ केली, पट्टी तळव्यावर आपटत मोठ्या बाईंसारखा खोलीभर फिरलो आणि खिडकीशी वळून मागच्या बाकावरच्या कोणाकडे तरी नसलेल्या चष्म्यावरून पाहिलं. बायकोने तोंडावर हात धरला. सासरेही हसले, त्यांना नेमकं कोण दिसत होतं देव जाणे.

दाराबाहेरून आवाज आला. "डावीकडची बाजू बोटभर खाली आहे."

बायकोने सवयीने दुमडीकडे पाहिलं. "आहे खरी," ती म्हणाली. आणि मग तिने सावकाश मान वर करून बंद दाराकडे पाहिलं.

"आणि त्यांना एका जागी उभं राहायला सांगा," बाहेरचा आवाज म्हणाला. "म्हणजे खूण नीट पडेल."

दार उघडण्याशिवाय इलाज नव्हता. मोठ्या बाई आत आल्या.

"तुम्ही बाहेर गेला होतात ना?"

"आत्ताच आले," बायको म्हणाली. तिच्या हातात खडू होता आणि दुसरं दार आमच्या घराला नाही.

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "मी अशी चालते?"

समोरच्या बाईचाच ड्रेस अंगात असताना तिच्याशी खोटं बोलणं फार अवघड असतं. तरी मी म्हणालो, "मागून नीट बसतोय का, ते चालून बघत होतो."

त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. गणवेश गेले, गाळा गेला, असं मला वाटलं, आणि बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही.

"छान बसतोय," त्या म्हणाल्या. "मागून मी कशी दिसते, हे मला आज प्रथमच नीट कळलं. आरशात मान वळवावी लागते." मग बायकोला म्हणाल्या, "हात स्वच्छ आहे तुमचा. गणवेश तुम्हीच करा. शिक्षिकांचे कपडेही पाठवते. पण फिटिंगला कोणाला वेळ नसतो. ही सोय राहू दे."

"कुठली सोय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी भिंगाखाली शहाऐंशी पानं वाचून काढली. "इथे लिहिलंय. मोजणी शून्यापासून. शून्य म्हणजे पहिला. शून्याच्या कॅमेऱ्याचं चित्र शून्याच्या पॅनेलवर."

"शून्य म्हणजे बंद," मी म्हणालो. "सगळीकडे असतं."

"बटणांवर. ही बटणं नाहीत."

मी फिती बदलायला उठलो. बायको मशीनवरूनच म्हणाली, "हात लावू नका."

आता खाली गाळा आहे, बाहेर पाटी आहे, आणि ते यंत्रही तिकडेच गेलं. रविवारी दुपारी शाळेतल्या शिक्षिका बाहेरच्या बाकावर बसून पॅनेल बघतात आणि मी आत हात वर करून वळत असतो. गेल्या आठवड्यात एक नवीन शिक्षिका आली होती. बाहेरून तिचा आवाज ऐकू आला, "चित्र जरा रुंद येतंय का? यात बारीक करायची सोय असेल ना?"

काही बिघाड असला तर बघावा, म्हणून सासरे नवा चष्मा लावून बाहेर गेले. त्यांनी पॅनेल निरखून पाहिलं. मग आत आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा बाहेर गेले.

"नाही," ते तिला म्हणाले, "चित्र बरोबर आहे."