किसनमामांचा गुरुवारचा डबा

आमच्या शेजारचे किसनमामा ब्राउनीवर लेव्हल-बाटली धरून बघतात. बाटलीतला बुडबुडा मधोमध आला, की मगच डबा ओव्हनमध्ये जातो.

मामा गवंडी. निरगुडसरमधली निम्मी घरं त्यांच्या हातची. वय अडुसष्ट, मिशा झुबकेदार, आवाज उंच परांचीवरून खाली हाका मारून कमावलेला. मी शाळेतून निवृत्त होऊन इथं राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे पान्हा मागायला गेलो. हा गृहस्थ ओट्यापाशी उभा राहून काळंकुळीत काहीतरी थापीनं सारखं करत होता. मला वाटलं, डांबर.

“मामा, हे काय?”

“ब्राउनी, गुरुजी. दारात उभं ऱ्हाऊ नका, स्लॅब पडतोय.”

थापी नवी होती, खास ब्राउनीसाठी घेतलेली, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, सिमेंटचीच.

निम्मं मिश्रण ओतल्यावर त्यांनी कॅरॅमलवाले चॉकलेट-बार सोलले आणि अख्खेच्या अख्खे ओळीनं मांडले. “सळई अशीच टाकायची. कडंला बोटभर जागा सोडून.” वरून उरलेलं मिश्रण. कृती मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेली. त्यातल्या बाईंचं त्यांना एकच पटत नव्हतं: “बाई डबा आपटतीया. आपटून कुटं लेव्हल येती व्हय?”

भाजून झालं की दोन तास कुणी हात लावायचा नाही. सरपंचांनी एकदा सुरी उचलली, तर मामा कडाडले, “सेंट्रिंग काढायची येवडी घाई? अंगावर घ्याल!” सरपंच खरोखर दोन पावलं मागे सरले.

चव घेतली तेव्हा दुसरा धक्का. वर पातळ पापुद्रा, आत ओलसर आणि दाट, मधे ताणत जाणारं कॅरॅमल. मी तीन तुकडे खाल्ले, आणि मला शुगर आहे.

दर गुरुवारी मामा ताजा डबा घेऊन सकाळच्या यष्टीनं डिंभ्याला जायचे. संध्याकाळी तीच ब्राउनी गल्लीभर वाटायचे. “पावण्यांकडं उरली,” म्हणायचे.

खरा हादरा दिला यष्टीच्या कंडक्टरनं. “कोण, गवंडीमामा? डिंभ्याचं तिकीट काढत्यात आन् घोडेगावलाच उतरत्यात. तितूनच माघारी. चार वर्सं झाली की!”

मी मामांना विचारलं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. डिंभ्याच्या सखूआक्कांनी तीस वर्षं त्यांच्या हाताखाली घमेली वाहिली होती.

“परांची मी बांदली व्हती, गुरुजी. सुटली. आक्का खाली. पाय अधू झाला तिचा. पयलं स्लॅब टाकून झाला की मालक पेढं वाटायचा. आक्का म्हणायची, मला चाकलेट पायजे. दवाखान्यातनं ती घरी गेली, तवापासनं मी तोंड न्हाई दावलं.”

पुढच्या गुरुवारी मी बरोबर गेलो. घोडेगावला मामा उठले. डबा मी मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.

“गुरुजी, डबा द्या.”

“डिंभ्याला देतो.”

ते तसेच उभे. लोक उतरले, लोक चढले, कंडक्टरनं घंटी मारली. यष्टी सुटली तेव्हा मामांनी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

सखूआक्का घरापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी काठी. डोळ्यांवर हात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“किसन? आरं, किती उशीर!”

“यष्टी न्हवती, आक्का.”

“चार वर्सं?”

मामांनी माझ्या हातातला डबा घेऊन पुढे केला. आक्कांनी काठी उचलून पलीकडे ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची धूळ पदरानं झटकली.

“बस,” त्या म्हणाल्या. “च्या टाकाया सांगते.”