मन्मथअप्पांनी चावलेलं रबर

लातुरातल्या सुट्या भागांच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मन्मथअप्पांनी गाडीच्या भागाला दात लावले तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो. आपण यांच्यासोबत आलोच नाही असं दाखवायचा तो दुबळा प्रयत्न होता. तो भाग म्हणजे स्ट्रट माउंट. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसणारा रबराचा जाड गोळा. रस्त्याचा हादरा आतल्या माणसापर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम. अप्पांनी तो दाढेखाली दाबला, डोळे मिटले, सोडला आणि उजेडात धरून दाताचा वण बघितला. दुकानदाराच्या हातातला चहा हातातच राहिला. ते खायचं नसतंय काका, एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"दात सांगतो," अप्पा म्हणाले. "वण बुजला की माल चांगला. ह्याचा बुजंना."

अप्पांनी उदगीरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं तुरीचा व्यापार केला. दाणा दाताखाली कट्ट वाजला तर वाळलेला, चेपला तर ओला, एवढंच त्यांचं शास्त्र. व्यापार सोडून ते महानंदाकाकूंना घेऊन लातुरात आमच्या शेजारी राहायला आले, पण दात काही निवृत्त झाले नाहीत. नवी चप्पल, छत्रीची मूठ आणि एकदा नळाचा वायसर त्यांनी चावलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

दुसरं वेड टिकाऊपणाचं. कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा एकच प्रश्न, "टिकंल का?" घरातल्या खुर्च्या अशा की पाहुणा पाच मिनिटांत उठतो, पण खुर्ची वीस वर्षं हलत नाही. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाचा दंड दाबून बघितला आणि सगळ्यांसमक्ष मला विचारलं, "सर, टिकंल का?" मुलाची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

काकूंशी मात्र ते फारसं बोलताना दिसायचे नाहीत. "चहा" आणि "जेवू का" एवढाच संसार, असा माझा समज.

गेल्या वर्षी काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यांची थोरली बहीण निलंग्याला अंथरुणाला खिळलेली, रोज फोनवर एकच विचारायची, कधी येतीस? डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आणि अप्पा तेरा वर्षांची गाडी काढून काकूंना घेऊन निघाले. पुढच्या चाकांवर खट्ट खट्ट वाजत होतं. औशापर्यंत जाऊनच त्यांनी गाडी मागे वळवली. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन रशीदभाईंच्या गॅरेजवर गेले.

रशीदभाईंनी बोनेट उघडून दाखवलं. शॉकअप ठीक होते, वरचे माउंट फाटले होते. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, म्हणाले. एक प्रकार कडक रबराचा, वर्षानुवर्षं बघायला नको, पण थोडा हादरा आत येणार. दुसरा मऊ, गाडी गादीवर बसल्यासारखी वाटेल, पण लवकर खराब होईल. त्यांचा स्वतःचा सल्ला कडकचा होता.

मी मनातल्या मनात कडक माउंट बसवूनसुद्धा टाकले. नाहीतरी अप्पा दुसरं काय घेणार? तीन दुकानं फिरून, तिन्हीकडे चावून, अप्पांनी मऊ जोडी घेतली. मला धक्काच बसला. रशीदभाईंनी हे टिकणार नाही असं पुन्हा बजावलं, तर हा माणूस शांतपणे म्हणाला, "न टिकू द्या. परत बदलू."

मला राहवलं नाही, मी कारण विचारलं. अप्पा बोनेटमध्ये बघतच म्हणाले,

"ती वरडत न्हाई, सर. हादरा बसला की मागून माझी सीट धरती. त्या दिवशी औशापतूर तिनं सीट सोडलीच न्हाई."

माउंट बसल्यावर त्यांनी मला गाडी चालवायला लावली आणि स्वतः मागच्या सीटवर, काकू झोपतात तसे डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन आडवे झाले. सत्तरीचा धिप्पाड माणूस. गाडी पुसायच्या फडक्यावर डोकं ठेवून ते प्रत्येक खड्ड्याला "हं" म्हणत होते. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मला विचारलं, दवाखाना का? मी हो म्हणून टाकलं.

रविवारी आम्ही निघालो. मला पुढे बसवलं होतं ते एकाच कामाला: मागे वळून काकूंचं तोंड बघत राहायचं आणि दुखतंय असं वाटलं की सांगायचं. औसा मागे पडलं. काकूंचे हात त्यांच्या मांडीवरच होते. थोड्या वेळाने त्यांची मान कलली, तोंड किंचित उघडलं आणि बारीक घोरणं ऐकू यायला लागलं. काकू झोपल्या, मी सांगितलं.

निलंग्यात मेहुणीचं घर आलं. त्यांचा भाचा रस्त्यावर येऊन हात हलवत उभा. मी पट्टा सोडला. आणि अप्पा त्याच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, सरळ पुढे निघून गेले. ब्रेक निकामी झाले असं वाटून मी दरवाजाची कडी घट्ट धरली. तेवढ्यात अप्पांच्या मोबाइलवर भाच्याचा फोन आला. मी तो अप्पांच्या कानाला लावला. अप्पा, आत्ता दारावरून गेलात की, तो ओरडत होता.

"मी न्हाई त्यो," मोंढा दणाणून सोडणारा हा माणूस कुजबुजला. "आमी औशाला हाव आजून."

मी फोन बंद केला.

"आपरेशन झाल्यापासून ती अशी झोपली न्हाई, सर," ते तसंच हळू म्हणाले. "थांबलं की उठंल."

संसार कळतो असं समजणारा मी, शेजारी राहून मला काहीच कळलं नव्हतं. अप्पांनी बसस्टँडला वळसा घातला आणि गाडी पुन्हा बाजाराच्या रस्त्याला घेतली.