शांतवनकाका गेम तपासतात

आमच्या वरच्या मजल्यावरचे शांतवनकाका पोळीची जाडी मोजून मगच ती खातात. खोटं वाटत असेल तर कधी जेवायला बोलावून पाहा. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक व्हर्नियर असतो. कारखान्यात सुट्या भागांची मापं घेतात ना, ते चिमट्यासारखं स्टीलचं अवजार. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, 'आमेन' म्हटलं आणि माझी पोळी व्हर्नियरमध्ये धरली.

"मधे दीड, कडेला अडीच. ताई, टॉलरन्सच्या बाहेर आहे."

आणि मग पाच खाल्ल्या.

टॉलरन्स म्हणजे मापात जेवढी चूक चालवून घेतात तेवढी. शांतवन रणपिसे यांनी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून हेच पाहिलं. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. अवधपुरीतल्या आमच्या कॉलनीचा स्पीड ब्रेकर टॉलरन्सच्या बाहेर. जिन्याची तिसरी पायरी टॉलरन्सच्या बाहेर. कोपऱ्यावरचा समोसेवाला त्यांना लांबून पाहिलं की "आ गए साहब, नापने" म्हणतो आणि तीनही कोन धड असलेला एक समोसा बाजूला काढून ठेवतो.

काका मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. चर्चमधल्या हिंदी मंडळींना ते "जय मसीह की" म्हणतात आणि इथे हिंदी मुलखात कुणी मराठी माणूस दिसला की "सलाम", तो त्यांच्याकडचा नमस्कार. मी नागपूरची. पहिल्या दिवशी जिन्यात त्यांनी मला सलाम म्हटलं तेव्हा मी दचकून मागे कोण आहे ते पाहिलं होतं. काकू जाऊन आता चार वर्षं झाली. मुलगा हैदराबादला, त्यामुळे तेव्हापासून वर ते एकटेच असतात.

माझी मुलगी मुक्ता अकरावीत आहे आणि मोबाइलवर गेम खेळते. काकांच्या लेखी हा कॉलनीतला सगळ्यात मोठा डिफेक्ट. एकदा ती जिन्यात बसून खेळत होती, तर हे कंपासपेटीतला कोनमापक घेऊन खाली आले.

"मानेचा कोन सत्तेचाळीस अंश. मुक्ताबाई, देवाने मान सरळ फिट करून पाठवली होती."

"काका, मी हरतेय तुमच्यामुळे!"

"जी गोष्ट हातातून सोडवत नाही ती आपली धनी होते आणि आपण तिचे चाकर. एका माणसाला दोन धनी झेपत नाहीत," असं म्हणून ते वर गेले. मुक्ता खरोखरच हरली आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

असल्या माणसाला चर्चच्या पाळकसाहेबांनी तरुण संघाच्या सभेत बोलायला बोलावलं. विषय होता, 'मोबाइल गेम: मुलांना वाचवायचं कसं?' आईबापही येणार होते. मला वाटलं, काका आता पोरांची सालं काढणार. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे. चेहरा पडलेला.

"ताई, भाषण लिहून झालं. रिजेक्टचा शिक्का मारून झाला. पण रात्रभर झोप नाही."

"का हो?"

"माल न बघता शिक्का मारलाय मी. बत्तीस वर्षांत असं कधी केलं नाही." मग मुक्ताकडे न बघता म्हणाले, "मुक्ताबाईंना म्हणावं, एक महिना मला तो गेम शिकवा. रोज चार ते पाच. इन्स्पेक्शनपुरता."

मुक्ताने तोंडावर उशी दाबून हसून घेतलं आणि हो म्हणाली.

गेम बंदुकांचा होता. चार-चार जणांच्या टोळ्या एका ओसाड गावात उतरतात आणि शेवटी एकच टोळी उरते. कानाला हेडफोन लावायचा, म्हणजे आपल्या टोळीतल्यांशी बोलता येतं. मुक्ताने काकांच्या मोबाइलवर तो टाकून दिला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पहिला तास सुरू झाला.

"ही बंदूक घ्या," मुक्ता म्हणाली.

"मी नाही घेणार. माणूस आहे तो समोर."

"काका, ते चित्र आहे!"

"चित्रातला का होईना, त्याची आई असेल. मलमपट्टीची डबी कुठेय ते सांग."

डबी निघाली. टोळीतला कुणी जखमी होऊन पडला तर त्याच्याजवळ बसून पट्टी बांधायची, तो उठतो. काकांनी तेवढंच काम धरलं. जीपही चालवायला शिकले, पण त्या ओसाड गावातसुद्धा चौक आला की थांबायचे आणि दोन्हीकडे पाहायचे. मागे बसलेली पोरं ओरडायची, "अंकल, भगाओ! गोलियां चल रही हैं!" आणि काका शांतपणे म्हणायचे, "बेटा, चौराहा है."

टोळी हळूहळू ठरून गेली. रायपूरचा एक बिट्टू, सागरची एक निशा आणि मुक्ता. बिट्टू आणि निशाला कुणीच पाहिलेलं नव्हतं, नुसते आवाज. त्यांनी काकांचं नाव ठेवलं डॉक्टर अंकल.

"डॉक्टर अंकल, मैं गिर गया! जल्दी आओ!"

"आ रहा हूं बेटा, घुटनों का प्रॉब्लम है."

"अंकल, गेम में घुटने ठीक हैं आपके!"

"अरे हां," म्हणून काका धावायचे.

काकांनी बरोबर आणलेली तपासणीची वही रोज भरत होती. पहिल्या आठवड्यात त्यात डोळ्यांची जळजळ, मानेचा ताण, मुलांच्या तोंडच्या शिव्या, मारल्यावर होणारा आनंद असे चोख डिफेक्ट लिहिलेले होते. तिसऱ्या आठवड्यात पान कोरं. चारला येणारे काका साडेतीनला येऊन दारात घुटमळू लागले. मुक्ताचा क्लास असला तरी येऊन "मी आपला एकटाच बघतो, नवीन काही निघतंय का" म्हणून बसायचे. एकदा बिट्टू आला नाही, तर निशाला तीनतीनदा विचारलं, "तबीयत तो ठीक है ना उसकी?" तो मामाच्या लग्नाला गेला होता.

आणि मग एका शनिवारी चर्चची गाण्याची प्रॅक्टिस राहिली. बावीस वर्षं काका पेटी वाजवताहेत, एक शनिवार चुकलेला नाही. सहा वाजले तरी हे आमच्या टेबलावर पट्ट्याच बांधत होते. गाणारी मंडळी चर्चच्या कुलूपबंद दारापाशी पायऱ्यांवर बसून होती, कारण किल्ली यांच्याकडे. शेवटी पाळकसाहेबांचाच फोन आला. काकांनी हेडफोन काढला आणि कितीतरी वेळ तो हातात धरून बसले.

"ताई," ते म्हणाले, "मला वेळ कळलाच नाही."

पुढचे चार दिवस ते खाली आले नाहीत. सभेच्या दिवशी मात्र दार वाजवून म्हणाले, "तुम्ही दोघी चला. माझा माल तुमच्या घरात तपासला गेलाय."

हॉल भरला होता. पुढे आईबाप, मागे पोरं, एकमेकांआड मोबाइल लपवून. काका बोलले हिंदीत, मी आपल्या भाषेत सांगते.

"मी रिजेक्टचा शिक्का घेऊन आलो होतो," ते म्हणाले. आईबाप समाधानाने सरसावून बसले. "गेममध्ये खोट आहे. माणूस मारल्यावर टाळ्या वाजतात, ही खोट. वेळ खातो, ही त्याहून मोठी. गेल्या शनिवारी मी देवाच्या दाराची किल्ली खिशात ठेवून गेम खेळत होतो. साठी उलटलेला, रोज प्रार्थना करणारा माणूस. मग सोळा वर्षांच्या पोराला मी काय सांगू?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. काकाही हसले.

"पण मी तिथे कशाला जात होतो, तेही तपासलं. तिथे दोन पोरं मला तासात वीसदा विचारायची, अंकल कुठे आहात, अंकल ठीक आहात ना? माझ्या घरात हे कुणी विचारत नाही. विचारायला कुणी नाही. तुमच्या घरात तर माणसं आहेत. मग तुमची पोरं तिथे कशाला जातात, ते मला सांगा."

काकांनी खिशातून रुमाल काढला, तर त्याबरोबर व्हर्नियरही निघाला. तो त्यांनी परत आत टाकला.

"वीस वर्षांपूर्वी मी याच जागेवरून एक साक्ष दिली होती. माझा आशिष दिवसभर कॉम्प्युटरवर खेळायचा, म्हणून मी त्याच्यासमोर त्याच्या नऊ सीड्या कात्रीने कापल्या. मी अभिमानाने सांगितलं, तुम्ही सगळे हालेलूया म्हणालात. त्यातलं अर्धं सांगायचं राहिलं होतं. तो रडला नाही. भांडलाही नाही. खाली पडलेले तुकडे स्वतः गोळा केले आणि झाडू जागेवर ठेवला. पण त्यानंतर तो मला कधी काही दाखवायला आला नाही. ना मार्क, ना चित्र, ना पोरगी. लग्न ठरलं तेही त्याच्या आईकडून कळलं मला."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "तो अंकल, खेलने दें कि नहीं?"

"एक घंटा दीजिए. और उस घंटे में खुद भी पास बैठिए."

"मेरा तो सिर दुखता है उस शोर से."

"मेरा भी दुखता था. गोली खाकर बैठिए."

सगळे हसले आणि सभा संपली. घरी परतल्यावर जिन्यात मुक्ता काकांना म्हणाली, "उद्यापासून एकच तास. मी घड्याळ लावीन." काकांनी मान डोलावली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी वर झुणका घेऊन गेले. दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसले होते, समोर मोबाइल, स्पीकर चालू, कारण त्यांना कमी ऐकू येतं. हैदराबादहून आशिषचा फोन होता. दर रविवारी येतो. बीपीची गोळी घेतली का, गॅस संपला नाही ना, ठेवतो. दोन मिनिटं.

"ठेवू का पप्पा?"

"थांब," काका म्हणाले. मला पाहून त्यांनी बसायची खूण केली, पण मी दारातच उभी राहिले. "आशिष, त्या सीड्यांमध्ये एकीवर निळं जहाज होतं बघ."

तिकडे मागे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"तुम्हाला आठवतं ते?"

"आठवतं. त्या खेळात शेवटी काय व्हायचं रे?"

"माहीत नाही पप्पा. मी शेवटपर्यंत पोचलोच नव्हतो. एक बेट राहिलं होतं."

"कसलं बेट?"

"म्हणजे... आधीपासून सांगावं लागेल. मोठं आहे."

"मला कुठे जायचंय? सांग."

आशिष सांगू लागला. आधी अडखळत, मग भरभर, एखाद्या शाळकरी मुलासारखा. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि कान मोबाइलला जवळजवळ टेकवला. मी झुणक्याचा डबा आतल्या ओट्यावर ठेवला आणि बाहेर पडताना दार हळूच लोटून घेतलं.