रुसव्यावर वाढलेली रोपं

रोपवाटिकेच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकानं जंतुनाशक पाण्याच्या टबात चपला-बूट बुडवूनच पुढं पाऊल टाकायचं, हा नियम व्यवस्थापक भाऊंनी स्वतः घातला होता. त्या टबात घसरून आडवे होणारे पहिले गृहस्थही भाऊच निघाले. पाय मोडला, प्लास्टर चढलं आणि शेजारच्याच क्वार्टरमध्ये खाटेवर पडून छताकडे बघत बसायची वेळ आली.

नियम काही उगाच नव्हता. पाइनचं कोवळं रोप म्हणजे सुईएवढा देठ आणि डोक्यावर चार हिरव्या काड्या. चपलांना चिकटून आलेली मातीतली बुरशी जमिनीलगत देठाला लागली की तो तिथंच सडतो आणि रोप मान टाकतं. गेली दोन वर्षं सगळे वाफे असेच गेले होते. वरचा डोंगरउतार उघडा पडून माती खाली येत होती, आणि मोठ्या साहेबांनी स्पष्टच सुनावलं होतं, "यंदा उतारावर लावायला रोपं नसतील तर रोपवाटिका बंद. तुमची माणसं मिळेल तिथं पाठवून देऊ."

या माणसांवर भाऊंचा फार जीव. माणसांचाही भाऊंवर तितकाच, आणि घात झाला तो इथंच. चौकीदाराच्या मुलीच्या प्रवेशासाठी भाऊ भर उन्हात रांगेत उभे राहिले होते. तो सकाळी उठल्या उठल्या वाफ्यांना पाणी घालू लागला. ड्रायव्हरची नोकरी भाऊंनी शब्द टाकून वाचवली होती. तो गाडी धुऊन झाली की तोच पाइप वाफ्यांवर धरी. टायपिस्टबाई जेवणाच्या सुट्टीत झारी घेऊन जायच्या. संध्याकाळी भाऊंची बायको जायची. केलेल्या उपकाराचा गवगवा करणं कुणालाच बरं दिसेना, त्यामुळे कुणी कुणाला बोललं नाही.

व्हायचं तेच झालं. माती चिखल झाली, बुरशीचं फावलं आणि रोपांनी माना टाकल्या. आता हे भाऊंना सांगायचं कुणी?

"रोपं कशी आहेत रे?" भाऊ विचारत.

"झक्कास!" चौकीदार म्हणे.

"डोलतायत नुसती," ड्रायव्हर जोड देई.

प्लास्टर निघालं आणि कुबड्या घेऊन भाऊ रोपं बघायला निघाले. ही बातमी लागताच मंडळींची तारांबळ उडाली. काड्यापेट्या आल्या, दोऱ्याची रिळं आली. भाऊ पोहोचले तेव्हा प्रत्येक रोप आगकाडीला पाठ लावून ताठ उभं होतं. भाऊंनी कौतुकानं एकाला बोट लावलं. रोप काडीसकट हातात आलं.

"पाणी कोण घालत होतं?"

"मी," चौघंही एकदम म्हणाले, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

भाऊंनी ओरडायला तोंड उघडलं खरं, पण नजर दोऱ्याच्या गाठींवर गेली. ड्रायव्हरची ती जाडजूड बोटं, आणि गाठी कशा नाजूक, देठाला काचू नये म्हणून सैल बांधलेल्या. आपल्यासाठी एवढं कोण करतं? असली माणसं आपल्याला मिळाली, हे आपलं केवढं नशीब! आणि हीच माणसं आता चार दिशांना जाणार.

"शेवटची शेड तेवढी बघायची राहिलीय," बायको चाचरत म्हणाली. "ती आईकडे होती, आणि आई तिथं कुणाला फिरकू देत नव्हती."

भाऊंनी कपाळाला हात लावला. त्यांनी सासूबाईंच्या नव्याकोऱ्या मखमली चपला टबात बुडवायला लावल्या होत्या. रंग उडाला, आणि तेव्हापासून सासूबाईंनी अबोला धरला होता. पण शेडमध्ये बघतात तर काय, वाफेच्या वाफे हिरवेगार! उताराला पुरून उरतील एवढी रोपं!

"आई, तुम्ही केलंत तरी काय?"

सासूबाईंनी भिंतीकडे बघून उत्तर दिलं, "काय करायचंय? माती पार वाळली की घोटभर पाणी. तुमच्यासाठी हात झिजवायला मी रिकामी नाही."

"आई, तुमचे उपकार कसे फेडू!" भाऊ अगदी मनापासून म्हणाले.

सासूबाई विरघळल्या. नको इतक्या विरघळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ खिडकीतून बघतात तो सासूबाई प्रेमानं ओथंबलेल्या चेहऱ्यानं निघालेल्या, हातात काठोकाठ भरलेली झारी, तीही मेलेल्या वाफ्यांतली, बुडाला बुरशीचा चिखल लागलेली! त्याच दिवशी मोठे साहेब यायचे होते. भाऊ एकाच कुबडीवर धावत सुटले.

"आई! तुमच्या घोरण्यानं मला झोप लागत नाही!"

झारी दाणकन खाली आली. सासूबाई फणकाऱ्यानं घरात गेल्या. साहेबांनी शेड बघितली, मान डोलावली आणि रोपवाटिका वाचली.

"आईची माफी मागा बघू," बायको म्हणाली.

"मागणार! रोपं डोंगरावर गेली की पहिले त्यांचेच पाय धरणार. तोवर रागावलेल्याच बऱ्या."

सासूबाईंचा राग मात्र टिकेना. रोज सकाळी त्या झारी उचलत आणि रोज भाऊंना शेडपर्यंत धावत जाऊन काहीतरी लागट बोलावं लागे. मुद्दे संपले तेव्हा टायपिस्टबाईंनी दोन-चार सुचवले. प्रत्येक वेळी बोलून झालं की भाऊ मनातल्या मनात त्यांची माफी मागत.

शेवटचं रोप गाडीत चढलं त्या दिवशी भाऊंनी सगळ्यांसमोर सासूबाईंचे पाय धरले. "आई, एवढं वाटेल ते बोललो, सगळं खोटं होतं हो. तुमच्यामुळे ही माणसं इथं राहिली."

"उठा, जावईबापू. पहिल्या दिवसानंतर झारी रिकामीच असायची."

"रिकामी? मग रोज उचलत कशाला होतात?"

"डॉक्टर चाला चाला म्हणून दमले, तुम्ही खुर्ची सोडेनात. झारी उचलली की पळत यायचात." सासूबाई हसल्या. "कुबडी कुठंय तुमची?"

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. कुबडी कुठं ठेवली होती, ते त्यांना आठवेना.